सातवा खिसा

मी भिंतीवरची चादर बोलतेय. हसू नका. चादरीनं अंथरुणावर पडून राहावं हा जगाचा नियम आहे, पण माझ्या नशिबी भिंत आली. घड्याळ मोठ्या माणसांना वेळ सांगतं. मी सांगते ती अजून वाचता न येणाऱ्या, नाक पुसायलाही विसरणाऱ्या चौदा पोरांना.

माझा जन्म कुठल्या मागावर झाला ते मला आठवत नाही. सोनाळ्याच्या बाजारात पंचफुलानं मला उचललं, उन्हाकडे धरून पाहिलं आणि म्हणाली, "हे घट्ट हाय. कापूस गळणार नाई." तेव्हापासून मी शेतात. दिवसभर वेचलेला कापूस बायका माझ्या पोटात दाबून भरायच्या, चार टोकांच्या गाठी मारायच्या, आणि मी डोक्यावर बसून गावात यायचे. इतका मऊ संसार कुणाला मिळतो?

बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा बांधावर सगळे म्हणत होते, आता अळीचं नाव उरणार नाही. काही वर्षं खरंच उरलं नाही. मग गुलाबी अळी बोंडात शिरली आणि फवारणीचे पंप पुन्हा पाठीवर चढले. पंचफुलाच्या शेतातला निम्मा कापूस किडका निघाला, म्हणून ती दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जाऊ लागली. दोन वर्षांची लेक अर्पिता सोबत. दुपारी पंचफुला माझी झोळी करायची, बाभळीला टांगायची आणि पोरीला आत निजवायची.

एके दिवशी शेजारच्या शेतात फवारणी चालू होती आणि वारा फिरला. मी तिला झाकून घेतलं, पण मी पडले सुताची, माझ्यातून काय अडणार? पोरगी ओकायला लागली. पंचफुला तिला माझ्यासकट छातीशी धरून गावाकडे पळत सुटली. वाटेत पहिलं घर नाजिशचं. ती कपडे शिवायची. मशीन सोडून ती उठली, पोरीला साबणानं आंघोळ घातली, दवाखान्यात सोबत गेली. पोरगी वाचली. परत येताना नाजिश म्हणाली, "पंचफुला, उद्यापासून हिले वावरात नेशीन ना, तर तुही चोळी शिवणार नाई मी. माह्याजवळ ठेव."

अशा धमकीतून आमचं पाळणाघर सुरू झालं. नाजिशच्या वडिलांच्या, रहेमतुल्लाचाचांच्या, रिकाम्या गोदामात. पुढच्या हंगामापर्यंत चौदा पोरं जमली, आणि चौदाही एकाच वेळी रडायची. एकाला भूक, दुसऱ्याला झोप, तिसऱ्याला आई. नाजिशनं डोक्याला हात लावला. मग मला तीनदा धुतलं, वास न जाणारा कोपरा कापून टाकला, आणि माझ्यावर सात खिसे लावले. शिवले नाहीत हं, नुसत्या पिना लावल्या.

पहिल्या खिशात कंगवा. तो काढला की तोंड धुणं आणि वेणीफणी. पुढे घुंगरू म्हणजे गाणी, ठोकळा म्हणजे खेळ, चमचा म्हणजे खिचडी. पण पोरं गाण्यातच पेंगायला आणि भुकेनं चिडायला लागली. नाजिशनं विचारलं तेव्हा कळलं, आया पहाटे पाचला भाकर भरवून निघतात. मग दहापर्यंत पोटात काय राहणार? तिनं पिना काढल्या आणि चमचा कंगव्याच्या शेजारी आणला. इवलीशी उशी, म्हणजे झोप, दुपारी ओढली. चेंडू, म्हणजे अंगणातला खेळ, उन्हं कलल्यावर. महिनाभर ती रोज पोरांकडे बघायची आणि खिसे हलवायची. तिची अम्मी कंटाळून म्हणाली, "शिवून टाक ना एकदाचं!" नाजिश म्हणाली, "आधी पिना, मग टाके. पोरं सांगतीन तवा शिवीन."

महिन्यानं पोरांचं रडणं थांबलं, तेव्हा तिनं टाके घातले. 

सातवा खिसा आयांचा. सकाळी जाताना प्रत्येकीनं आपली एक वस्तू पोरासमोर त्यात टाकायची आणि संध्याकाळी काढून घ्यायची. वस्तू आत आहे म्हणजे आई घ्यायला येणार. कुणी केसांचा आकडा टाकायची, कुणी रुमाल. झुंबरबाई नातवाला, शेखरला, सोडायला यायची. तिच्याजवळ तंबाखूच्या डबीशिवाय काही नसायचं. तीच टाकायची आणि सगळ्यांच्या आधी पळत यायची. "नातवाची आठवण आली वाटते!" असं बाया चिडवायच्या. "हाव ना, लय आठवण!" म्हणत ती आधी खिशात हात घालायची.

मग पुढच्या वर्षी दिवाळीआधी नाजिशला ताप चढला. अकोल्याला न्यायला गाडी दारात आली. तिनं बोटातलं पितळी अंगुस्तान काढलं, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती टोपी, आणि पोरांसमोर सातव्या खिशात टाकलं. "येतेच," म्हणाली.

ती आली नाही.

पंधरा दिवस गोदामाला कुलूप होतं. मग ते उघडलं तिच्या धाकट्या भावानं, वकारनं. सातवीत शाळा सोडलेला, नांदुऱ्याला पंक्चरच्या दुकानात काम करणारा. कुणी बोलावलं नव्हतं. मालकाशी भांडून, हातात एक पाना तेवढा घेऊन आला. दार उघडलं, माझ्यासमोर उभा राहिला, सातव्या खिशात हात घातला. बोटाला अंगुस्तान लागलं आणि त्यानं हात असा मागे घेतला, जणू चटका बसला. मग त्यानं त्या खिशाचं तोंड मोठ्या पिनेनं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या, तर तो खिशासमोर आडवा उभा. "इथं कोनी हात लावायचा नाई!"

"बरं बापा," झुंबरबाई म्हणाली आणि डबी पुन्हा कमरेला खोचली. कुणी वाद घातला नाही. त्याचे डोळेच तसे होते.

त्यानंतर काय गोंधळ! वकारनं बाकी सगळं बहिणीसारखंच केलं. कंगवा काढला, खिचडी भरवली, घुंगरू तर इतकं वाजवलं की एक गळून पडलं. पण पोरं दाराकडे तोंड करून रडत राहिली. त्यानं मोबाईलवर गजर लावले, शिट्टी आणली, घोडा होऊन गोदामभर फिरला. शेखर त्याच्या पाठीवर बसूनही रडत होता.

चौथ्या संध्याकाळी पंचफुला म्हणाली, "वकार, तुही मेहनत दिसते रे. पण पोरगी घरी जेवत नाई, निजत नाई. उद्याचा दिवस पाहतो. नाई तर वावरात नेतो."

"वावरात? फवारनी चालू हाय तिकडं!"

"मंग काय करू? वेचनी सोडू?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण चादरीला तोंड कुठे असतं?

सकाळी तो शिट्टी वाजवायला गेला तर अर्पिता माझ्यासमोर बसलेली. आता चार वर्षांची झाली होती, गावाची पाटीलकी करायची.

"काऊन रडता बे तुम्ही सगळे?" वकारनं विचारलं. "काय चुकून राह्यलं माहं?"

"आईनं कुठं काय ठेवलं? तू खिसा बंद केला. मंग आई येईन का नाई, कसं समजन?"

वकारनं खिशावरच्या पिनेकडे पाहिलं.

"अन् नाजिशबाजीचं टोपन आत हाय," ती म्हणाली. "ते हाय म्हनजे बाजी येनार ना? आम्ही रोज पाहतो दाराकडं. तू पन पाहतं."

वकार तोंड झाकून रडला. पोरंच रडायची थांबली, मोठा माणूस रडताना पाहायची सवय नव्हती त्यांना. शेवटी शेखरनं जाऊन पेल्यात पाणी आणलं, निम्मं सांडत.

वकारनं पिन उघडली. अंगुस्तान काढून सगळ्यांना दाखवलं. "बाजी येनार नाई," तो म्हणाला. "आपल्याले लय वाटते, तरी नाई. हे आता मी घेतो." ते त्यानं बोटात घातलं. करंगळीतच बसलं.

मग उठून तसाच रस्त्यावर धावला. "ओ पंचफुलाताई! ओ झुंबरमाय! थांबा ना! काहीतरी ठेवून जा!" बाया वळल्या. आकडे आले, रुमाल आले. झुंबरबाईनं डबी काढली, चिमूटभर आधी तोंडात टाकली आणि मग खिशात सोडली. "लवकर येतो रे बापा," तिनं शेखरला सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा शेखर हसला. चमचा निघाला. घुंगरू वाजलं. दुपारी उशी काढायच्या आतच निम्मी पोरं आडवी झाली होती.

संध्याकाळी सगळ्या वस्तू परत गेल्या. वकार कुलूप लावायला निघाला, तर अर्पिता दारात आडवी उभी.

"अन् तुहं काय?"

"माहं कायचं?"

"तू उद्या येशीन हे कसं समजन?"

त्यानं खिसे चाचपले. पाना निघाला. तो सातव्या खिशात टाकला, तशी मी एका खिळ्यावरून निसटून लोंबकळले. पोरांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणून त्यांनी पाना खिशातून काढून पाहिला, आणि तो परत घ्यायला वकार हजर होता.

पुढच्या जुम्म्याला त्यानं माझ्यावर आपल्या पान्यासाठी जाड कापडाचा आठवा खिसा लावला. महिनाभर पिनांवर ठेवला. मग बहिणीचं अंगुस्तान घालून शिवला. टाके वाकडे आहेत, नांगरटीसारखे. मला तेच सगळ्यांत आवडतात.

आता माझा निळा रंग विटलाय, पोरांच्या हातांनी खिशांच्या कडा काळ्या झाल्यात. माझं एकच मागणं आहे. लेकराला कुणाजवळ सोडून जाल, तेव्हा चोरपावलांनी पळू नका. त्याच्या देखत काहीतरी ठेवा, आणि घ्यायला या.

थांबा, दार वाजतंय. उन्हं उतरलीत, चेंडू खिशात परत आलाय. म्हणजे झुंबरबाईच असणार.