मगदूमची जागा

जामसंड्याच्या प्रीतम तारीला जिल्ह्यातल्या सायकल शर्यतींत तोडीस तोड कोणी उरला नव्हता. वय एकवीस. बाप भिकाजी मच्छीमार, त्याला या नादाचं कौतुक नव्हतं, पण त्याने कधी अडवलंही नाही. २००४ च्या जानेवारीत बांदा ते फोंडाघाट अशी ऐंशी किलोमीटरची खुली शर्यत जाहीर झाली आणि त्यात मुंबईच्या एका कंपनीचे पाच पगारी सायकलपटू उतरणार असं कळलं. सायकल चालवणं हीच त्यांची नोकरी. प्रीतमची त्या दिवसापासून भूकच उडाली.

सावंतवाडी मागे पडेपर्यंत बरेचसे स्थानिक गळाले होते. प्रीतम मात्र त्या पाचांच्या शेपटीला चिकटून होता. असा वेग त्याने आजवर पाहिला नव्हता. छाती फुटायची वेळ आली होती, तरी पाय फिरत होते. कुडाळच्या पुढे त्यांच्यातला एक जण मागे सरकून त्याच्या शेजारी आला. तिशीचा, सांगलीकडचा, मगदूम नावाचा.

"पयल्यांदाच व्हय घोळक्यात?"

प्रीतमने मान हलवली.

"मग सरळ रेषेत चालव. हँडलवरचा हात सोडू नगंस. माझ्या मागच्या चाकाला लागलास तर दोघं बी जाऊ."

एवढं सांगून तो पुढे सरकला आणि प्रीतमला वाऱ्याच्या आडोशाला घेतलं. पुढचे दहा-बारा किलोमीटर प्रीतम त्याच्या पाठीआडून चालला. असं कोणी सांभाळून नेल्याचं त्याला नवल वाटत होतं आणि रागही येत होता. शेवटी यालाच मागे टाकायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

कसालच्या उतारावर त्याची बहीण संजना पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "प्रीतम! घे रे, घे!" ती ओरडली. घसा कोरडा ठाक पडलेला. त्याने हँडलवरचा हात काढला. बाटली बोटांना लागून निसटली, सायकल डावीकडे झुकली आणि त्याचं पुढचं चाक मगदूमच्या मागच्या चाकावर घासलं.

मगदूम रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर आदळला. प्रीतम कसाबसा सावरला. त्याने मान वळवली तेवढ्यात मोटरसायकलवरून बरोबर येणारा त्याचा काशीरामकाका किंचाळला, "पाठी बघू नको! चल, मार पायडल!"

आणि त्याने मारलं. कणकवलीच्या चौकात लोक टाळ्या वाजवत होते. त्या त्याला ऐकू येत होत्या, पण त्याच्या कानात मगदूम आदळल्याचा आवाजच भरला होता. फोंडाघाटला तो चौथा आला. स्थानिकांत पहिला. गळ्यात हार पडला, फोटो निघाले. काशीरामकाका कानाशी येऊन म्हणाला, "कोणी बघूक नाय. तू गप रव."

संध्याकाळी तो ओरोसच्या इस्पितळात गेला. मगदूमच्या खुब्याचं हाड चुरलं होतं. चालता येईल, पण सायकल संपली, असं डॉक्टरांनी त्याच्या सोबत्यांना सांगितलं होतं. प्रीतम खाटेशी उभा राहिला.

"माझंच चाक लागलं. मी हात काढला होता," तो म्हणाला.

"ठावं हाय मला."

"मी थांबलो नाही."

"शर्यतीत कोण थांबतंय? मी बी थांबलो नसतो." मगदूमने मान त्याच्याकडे वळवली. "कितवा आलास?"

"चौथा."

मगदूमने तोंड भिंतीकडे केलं.

बाहेर व्हरांड्यात कंपनीच्या संघाचा व्यवस्थापक भेटला. त्याने प्रीतमचा खांदा दाबला. "अपघात होतातच. आमचा एक माणूस कमी झालाय. पुढच्या महिन्यात चाचणीला ये."

घरी आल्यावर प्रीतमने बापाला सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. भिकाजी उंबऱ्यावर बसून ऐकत होता.

"तेका घरात कोण आसा?"

"बायल आसा. एक चेडू." मगदूमच्या बायको-मुलीबद्दल त्याला इस्पितळात सोबत्यांकडून कळलं होतं.

"आणि तू तेच्या जाग्यार जातलंस?"

भिकाजी उठून समुद्राकडे निघून गेला. त्याने जा म्हटलं नाही, जाऊ नकोही म्हटलं नाही.

प्रीतम गेला. चाचणीत निवडला गेला, जूनमध्ये कामावर रुजू झाला. संघाच्या खोलीत पाच खाटा होत्या. चार भरलेल्या. पहिले आठ दिवस कोणी त्याच्याशी बोललं नाही, जेवताना ताटही कोणी पुढे सारलं नाही. नवव्या दिवशी सरावात वारा समोरून सुटला होता. सगळ्यांसाठी वारा अंगावर घेत चाललेला पुढचा माणूस दमून बाजूला झाला आणि मागे न बघताच म्हणाला, "चल, तुझी पाळी."

प्रीतम पुढे झाला. बाकीचे चौघे त्याच्या पाठीशी लागले. त्यांची तोंडं त्याला दिसत नव्हती, याचंच त्याला बरं वाटलं.