बाबांची कंबर आणि धाकटीचं पोट

हो, मीच बोलतेय, गरम पाण्याची पिशवी. लाल रबराची, दोन्ही अंगांनी रेघारेघांची, गळ्यात काळं बूच. तोंड मला पहिल्यापासून आहे, पण तुम्ही आजवर त्यातून नुसतं पाणी ओतलंत. आज जरा ऐकूनही घ्या.

माझा जन्म कारखान्यातल्या एका तापलेल्या साच्यात झाला. कडा कापून झाल्यावर माझ्यात हवा भरली आणि कुठे गळते का हे बघायला मला पाण्यात बुडवलं. माझ्या शेजारणीतून एकच बुडबुडा आला, तर तिला लगेच बाजूला काढलं. माणसांच्या घरात लेकीबाळींची इतकी चौकशी होत नाही, हे मला पुढे कळायचं होतं.

औषधाच्या दुकानातून मला बाबांनी घेतलं. त्यांची कंबर धरली होती. ती कशी धरली, कधी धरली, त्या वेळी ते कोणत्या बाजूला वाकले होते, हे त्यांनी दुकानदाराला सांगितलं आणि मागे उभ्या असलेल्या चौघांनाही ऐकवलं. घरी ते पलंगावर आडवे होताच टीव्हीचा आवाज कमी झाला. आई दर तासाला माझं पाणी बदलायची. दोन आठवड्यांत तीन डॉक्टर झाले. बाबा कण्हले की घर थांबायचं. अहो, कण्हायलाही एक ऐट लागते, ती मी त्यांच्यात पाहिली.

कंबर सुटली आणि मी बाथरूमच्या दारामागे हुकाला लटकले.

तिथून मला काढलं धाकटीने. ती घरातलं शेंडेफळ, वय वीस. शर्टांच्या कारखान्यात इस्त्री विभागात होती, दिवसाचे आठ तास उभी. दर महिन्याला तीन दिवस तिचं पोट पिळवटून निघायचं. आता गंमत बघा. रबर तेच, पाणी तेच, घर तेच. पण आता मला टॉवेलात गुंडाळून, चोरीचा माल न्यावा तशी आतल्या खोलीत न्यायचे. टीव्ही जोरात चालू. आणि आई कुजबुजायची, "हळू गं, बाहेर बाबा बसलेत."

बाहेर बाबा बसलेत! जणू पोट दुखणं हा बाबांचा अपमान होता.

मग आत्या यायच्या. बाबांची थोरली बहीण, जवळच राहायच्या. नैसर्गिक उपाय हा त्यांचा लाडका शब्द. आल्याचं पाणी पी. गुडघे पोटाशी घेऊन पड. कोमट तेलाने ओटीपोट चोळ. जरा चाल, पडून राहू नकोस. कोमट पाण्याने अंघोळ कर. मी खोटं कशाला बोलू? यातलं बरंचसं लागू पडायचं. धाकटी गुडघे जवळ घेऊन कुशीवर वळली की दगडासारखं झालेलं पोट सैल पडायचं. ते मला समजायचं, कारण मी त्या पोटावरच असायचे. वीस मिनिटं मी, मग घरातल्या घरात चार फेऱ्या, आणि पोरगी कामावर जायची.

पण आत्यांचं तिथे भागायचं नाही. उठता उठता त्या म्हणायच्याच, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. एकदा लग्न होऊन मूल झालं की आपोआप थांबतं."

काय हे औषध! पोटदुखीवर नवरा. आणि म्हणे आमच्या वेळी नव्हतं. नव्हतं नाही हो आत्याबाई, बोलायची सोय नव्हती.

असं वर्षभर चाललं आणि दुखणं वाढत गेलं. तीन दिवसांचे सहा झाले. पूर्वी वीस मिनिटांत उतरणारी कळ आता तासाभरानेही उतरेना. आल्याचं पाणी उलटून पडायला लागलं. यावर घराने काय करावं? माझं पाणी जास्त गरम केलं. आधी कोमट, मग कढत, मग गॅसवरून उतरवलेलं थेट माझ्या पोटात. टॉवेलाची घडी चारपदरी होती, ती एकपदरी झाली, मग टॉवेलच गेला.

"अजून थोडं गरम करू का?" आई विचारायची.

"कर," धाकटी दात आवळून म्हणायची.

माझ्या अंगाखाली तिची कातडी तापत होती. हळूहळू तिथे तपकिरी जाळी उमटली, वाळलेल्या पानावर दिसते तशी. मला सगळ्यांत आधी कळलं ते. पण मी काय करणार? भाजण्यापलीकडे मला काही येत नाही. माझा जितका उपयोग झाला, तितकंच माझं निमित्तही झालं. पिशवी आहे ना, मग डॉक्टर कशाला?

ती जाळी दुसऱ्या कुणी पाहिली असेल तर कारखान्यातल्या बटणवालीने. बटणं लावायच्या मशीनवर वीस वर्षं बसलेली बाई, बोलायला फटकळ. धाकटी मला डब्याच्या पिशवीतून कारखान्यात न्यायची. एके दिवशी कपडे बदलायच्या खोलीत धाकटीचा सदरा वर गेला आणि बटणवाली थबकली.

"हे काय गं? भाजलंयस?"

"शेकते मी, मावशी."

"शेकतेस की जाळतेस? किती महिने झाले?"

"वर्ष होईल."

"डॉक्टर काय म्हणाले?"

धाकटीने सदरा खाली ओढला. बटणवालीने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं बूच घट्ट करावंसं वाटलं.

"शेकल्याने दुखणं उतरतं तोवर शेकावं," ती म्हणाली. "दर महिन्याला वाढत जाणारं दुखणं शेकत बसायचं नसतं. आज घरी सांग."

धाकटीने सांगितलं नाही. घरात सांगायची जागा होती कुठे? चार दिवसांनी ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी असताना खाली कोसळली. नशीब, इस्त्री पलीकडे पडली. बटणवालीने रिक्षा करून तिला घरी आणलं, पलंगावर निजवलं आणि आईसमोर तिचा सदरा वर केला.

आई जवळ आली. तिने त्या जाळीवरून बोट फिरवलं.

"हे मी केलं?" तिने विचारलं.

"तुम्ही एकटीने नाही," बटणवाली म्हणाली. "पण आता बसू नका."

आई उठली, पायात चपला अडकवल्या. बाबांनी टीव्हीवरून नजर काढली. "डॉक्टर कशाला लगेच? घरात पिशवी आहे ना."

आईने आयुष्यात पहिल्यांदा टीव्ही बंद केला. "तुमच्या कंबरेला तीन डॉक्टर झाले. पिशवी तेव्हाही होती."

 बाबा मागोमाग रिक्षात येऊन बसले, तेही अनवाणी.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी पोट तपासलं, सोनोग्राफी केली. अंडाशयावर गाठ निघाली. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढत होतं. "नखरे नव्हते हे," त्या बाबांकडे बघून म्हणाल्या. खरं तर नखरे हा शब्द कुणी काढलाच नव्हता. पण बाबांनी मान खाली घातली. औषधं सुरू झाली. शेकायला, चालायला, आल्याचं पाणी प्यायला डॉक्टरांची ना नव्हती. फक्त टॉवेल ठेवा आणि पाणी कढत नको, एवढंच बजावलं.

आता सहावा महिना आहे. दुखणं गेलं नाही, पण आटोक्यात आलंय. धाकटी महिन्यातून एखाद दिवस मला घेते, बाबांच्या समोरून, उघड. आत्या येतात, उपाय सांगतात, पण मूल होण्याचा विषय निघाला की आई चहा ठेवायला उठते आणि बराच वेळ येत नाही.

परवा कारखान्यात पॅकिंगला नवीन आलेली मुलगी खोक्यावर दुमडून बसली होती. सुपरवायझर म्हणाला, "ती पिशवी दे हिला आणि लाईनवर या दोघी." धाकटीने मला भरलं, टॉवेलात गुंडाळलं, मुलीच्या पोटावर ठेवलं. पण लाईनवर गेली नाही. खोक्याशेजारी जमिनीवर बसली.

"कधीपासून दुखतं?" तिने विचारलं. "सगळं सांग. मला घाई नाही."

मुलगी बोलायला लागली. माझं पाणी निवून गेलं तरी बोलतच होती.