पाचव्याच्या आधी आठवा

डॉक्टरांनी क्रांतीला दवाखान्याच्या व्हरांड्यात नेऊन जे सांगितलं, त्याबद्दल तिनं आत येऊन आबांना एवढंच सांगितलं, "किरकोळ हाय." धडधडीत खोटं! हृदय फार थकलंय, ऑपरेशनमध्ये माणूस हातचा जाऊ शकतो, आणि नाही केलं तर जाणारच, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तिचे वडील आकारामआबा म्हणजे एक नंबरचे आडमुठे. जन्मभर रंकाळ्यावर चहाचा गाडा चालवला, कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. धोका हा शब्द कानावर पडला असता, तर तसेच उठून घरी चालते झाले असते.

ऑपरेशनला तयार झाले होते तेही लेकीमुळं नव्हे, हवालदार म्हातुगडेमुळं. 'निशाचर चौकी' ही आबांची जीव की प्राण असलेली पुस्तकांची मालिका. मोठ्या शहरातली एक पोलीस चौकी, तिथं मुंजे, हडळी आपल्या तक्रारी घेऊन येतात आणि म्हातारा म्हातुगडे एकेका प्रकरणाचा छडा लावतो. चौथ्या भागाच्या शेवटी म्हातुगडेचंच हृदय बिघडतं. स्ट्रेचरवरून आत जाताना तो मिशीला पीळ देतो, आणि तिथंच पुस्तक संपतं.

"पाचवा आण," आबा म्हणाले. "म्हातुगडे भाईर आला की मी आत जातो."

क्रांती वाचनालयात पळाली. तिथं पुस्तकं देणाऱ्या शाहिस्तानं पाचवा भाग हातात दिला. क्रांतीनं उभ्याउभ्याच उघडला आणि तिला रडूच फुटलं. म्हातुगडे ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता.

"अगं, रडतीस काय?" शाहिस्ता म्हणाली. "सहाव्यात भूत होऊन परत येतोय की त्यो. चौकीतच बसतोय."

सहावा, सातवा लोकांनी नेलेले. आठवा होता. क्रांतीनं बाकावर बसून तो घाईघाईनं चाळला. पहिल्या पानापासून म्हातुगडे हजर! शिव्या काय देतोय, मुंज्याच्या मागं काय धावतोय! तो मेलाय हे चौकीत सगळ्यांना आधीपासून ठाऊक, म्हणून कुणी त्याबद्दल बोलतच नव्हतं. तिनं पाचवा परत ठेवला आणि आठवा घेतला. काय म्हणावं या पोरीला!

"पाचवा कुणीतरी नेलाय," तिनं आबांना सांगितलं. "ह्यो आठवा. म्हातुगडे ठणठणीत हाय बघा."

"व्हय?" आबा खुलले. चष्मा चढवून वाचायलाच लागले.

सारी दुपार क्रांतीचा जीव टांगणीला. आबा हसले की तिला हायसं वाटायचं, आणि जरा थांबले की ती पुस्तकात डोकावायची. मध्येच त्यांनी मागची पानं परत काढली. काय शोधत होते कुणास ठाऊक. मग हसणं बंदच झालं. दिवेलागणीला त्यांनी पुस्तक मिटलं.

"क्रांते, ह्याला कुणी चहा दिला न्हाय."

"अं?"

"चौकीत चहा आला. फौजदाराला दिला, फिर्यादीला दिला, धरून आणलेल्या चोराला बी दिला. म्हातुगडे मधी बसलाय, त्याला कुणी विचारलं बी न्हाय. असं हुईल व्हय कुठं? मेलाय न्हवं त्यो?"

आता कसलं खोटं बोलणार? तिनं मान डोलावली.

"ऑपरेशनमधी?"

"व्हय."

आबांनी चष्मा काढून ठेवला. झालं, संपलं सगळं, क्रांतीला वाटलं. आता उठणार आणि चपला शोधणार.

"भ्या वाटतंय गं," आबा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं. "पर मधलं गाळलं की जास्तच भ्या वाटतंय. डॉक्टर तुला भाईर काय बोलला? किरकोळ म्हणू नगंस. पयल्यापासनं सांग."

तिनं सांगितलं. रडत, अडखळत, पण सगळं सांगितलं. नाही केलं तर काय होणार, तेही.

"मग जातो की आत," आबा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "थर्मासमधी चहा हाय?"

"हाय."

"वत. अजून मला चहा मिळतोय, तवर पिऊन घेतो."

क्रांतीनं कप भरला. डोळे पुसता पुसता निम्मा चहा बशीत सांडला. आबांनी आधी बशीच तोंडाला लावली.