न रडणाऱ्याला एक मासा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. सध्या माझा मुक्काम दातांच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत आहे आणि माझ्या पोटात लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे भरून ठेवले आहेत. पुढे आलेले, वेडेवाकडे, एकावर एक चढलेले दात दिवसभर माझ्या काचेला टेकून असतात. पण खरं सांगते, त्यांची मला किळस येत नाही. किळस येते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती बोलून टाकल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

मी मूळची लहान चणीची. एकटा माणूस मला उचलून जिना चढेल एवढीच. दातांच्या डॉक्टरांनी मला हौसेने विकत आणलं आणि बाहेरच्या खोलीत कोचासमोर ठेवलं. दाढ धरून बसलेल्या माणसाचं माझ्याकडे बघून जरा मन रमावं, हे माझं काम.

मला भरलं ते डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीने. ती दाराजवळच्या टेबलाशी बसून पेशंटना नंबर द्यायची. तिला सगळे ताईच म्हणत. तिने मोजूनमापून मीठ कालवलं, समुद्रातले सच्छिद्र दगड रचले, आणि मग कित्येक आठवडे एकही मासा न आणता नुसती पाणी तपासत बसली.

"ताई, दगड पाळलेस का गं?" डॉक्टर चिडवायचे.

"पाणी तयार होऊ दे रे. तुझी घाई होईल आणि त्यांचा जीव जाईल."

पाणी तयार झाल्यावर तिने मासेवाल्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. हा केवढा वाढतो? काय खातो? कोणाशी भांडतो? शेवटी तिने थोडेच जीव आणले. नारिंगी जोकर माशांची एक जोडी, शेवाळ खाणाऱ्या चार गोगलगायी, मऊ प्रवाळाचे दोन झुपके. आणि माझी सगळ्यात लाडकी जोडी, बोटाएवढा एक पट्टेरी मासा आणि जवळजवळ आंधळी असलेली एक कोळंबी.

ही दोघं एकाच बिळात राहायची. कोळंबी दिवसभर वाळू उपसायची आणि मासा दाराशी पहारा करायचा. तिची एक मिशी कायम त्याच्या अंगाला लागलेली असे. काही धोका दिसला की तो शेपूट थरथरवायचा, तिला ते मिशीतून कळायचं आणि दोघं बिळात गडप व्हायची. ताईने माशाचं नाव वॉचमन ठेवलं होतं आणि कोळंबीचं बाई. सकाळी पर्स ठेवता ठेवता ती विचारायची, "काय वॉचमन, बाईंचं बांधकाम कुठवर आलं?" त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. ही जोडी सुखरूप राहावी, याहून जास्त मला काही नको होतं.

मग डॉक्टरांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. एक पोरगा खुर्चीत बसायलाच तयार नव्हता. डॉक्टर म्हणाले, "रडला नाहीस ना, तर त्या टाकीत तुझ्या आवडीचा मासा आणतो." पोरगा चूप बसला. डॉक्टर खूश! दुसऱ्याच दिवशी भिंतीवर माशांच्या चित्रांचा मोठा तक्ता लागला आणि दवाखान्याची ती रीतच होऊन बसली. न रडणाऱ्याला एक मासा. मुलं तक्त्यावर बोट ठेवायची आणि डॉक्टर मासेवाल्याला फोन लावायचे.

मित्रांनो, दात दाटीवाटीने आले तर एक काढून बाकीच्यांना जागा करून द्यावी लागते, हे हाच माणूस रोज पेशंटना समजावून सांगायचा. जबड्याचं त्याला कळत होतं. माझं मात्र कळू नये? मला आजही त्या अकलेची शिसारी येते.

पहिला आला तो निळा मासा. दिसायला रत्न, पण वृत्तीने गुंड. त्याने येताक्षणी अर्धी टाकी स्वतःच्या नावावर केली आणि जोकर माशांच्या शेपट्या कुरतडल्या. मग एक पिवळा चपटा मासा आला. त्याला पोहायला मैदान हवं, आणि मी ही एवढीशी. तो या काचेपासून त्या काचेपर्यंत वेड्यासारखा फेऱ्या मारत राहायचा. मग आलेल्या तारामाशाला माझ्यात पुरेसं खायलाच नव्हतं. तो झिजला आणि एके दिवशी त्याचे हात विरघळून गळू लागले. कुणीतरी समुद्रफूल निवडलं, फुलासारखा दिसणारा, दगडाला चिकटून राहणारा जीव. समुद्रफूल जागा बदलतं, हे कुणाला ठाऊक होतं? ते सरकत सरकत पंपाशी गेलं आणि त्याचा चोथा झाला. माझं पाणी शेंबडासारखं बुळबुळीत आणि गढूळ झालं, वरती फेस साचला आणि अशी घाण सुटली की कोचावरची माणसं शेजाऱ्याच्या तोंडाला वास येतोय असं समजून दूर सरकू लागली. तो वास माझा होता.

ताई हात कोपरापर्यंत घालून सगळं उपसायची. "अरे, पुरे कर आता," ती भावाला म्हणाली. "आतल्यांना आपसात पटतंय का, ते कोण बघणार?"

"ताई, मुलांना शब्द दिलाय मी. मोडू का?"

शेवटी एक चुणचुणीत मुलगी आली. दाढ उपटली तरी तिने हूं की चूं केलं नाही. तिने तक्त्यावरचा सगळ्यात देखणा मासा निवडला, पिसाऱ्यासारखे पंख आणि अंगभर लाल पट्टे असलेला. ताई म्हणाली, "अरे, आधी त्याचं तोंड बघ. तोंडात मावेल ते तो गिळतो." पण पिशवी दारात येऊन पोचली होती.

आठवड्याने ती मुलगी आईचा हात धरून आपला मासा बघायला आली. तिने माझ्या काचेला नाक लावलं. पंखवाला मासा संथपणे बिळाजवळ तरंगत होता. वॉचमनने शेपूट थरथरवली. कोळंबी मागच्या मागे आत गेली. तो स्वतः मात्र वळलाच नाही, कारण तिला वाट मिळेपर्यंत तो दारातून हलत नसे. पंखवाल्याने एकदाच तोंड उघडलं.

मुलगी मोठमोठ्याने रडू लागली. दाढ उपटताना न रडलेली ती मुलगी!

डॉक्टर धावत आले. "अगं, रडतेस काय? तू तर शूर ना! चल, दुसरा निवड."

"माझा मासा काय खातो, ते तुम्ही मला का नाही सांगितलं?" ती हुंदके देत म्हणाली. डॉक्टरांनी तिच्या आईकडे बघितलं, आईने जमिनीकडे.

मित्रांनो, चोथा पाहिला, फेस पाहिला, गळालेले हात पाहिले, पण त्या "दुसरा निवड"ची जी किळस आली तिला तोड नाही. पंखवाल्याचा मला राग नाही. तो भुकेला होता.

ताईने तक्ता फाडला आणि उरलेले जीव मासेवाल्याकडे पोचवले. दगडांखालच्या खोल बिळातून बाईला मात्र ती काढू शकली नाही. ती बिळाच्या तोंडाशी यायची, मिशी बाहेर काढायची, इकडे चाचपायची, तिकडे चाचपायची. अंगाला लागणारं कुणी नसे. मग ती एक खडाही बाहेर न टाकता परत आत जायची. पुढे ती यायचीच थांबली.

म्हणून सांगते, टाकी भरायला निघाल तेव्हा ताईसारखं भंडावून सोडा. केवढा वाढतो, काय खातो, कोणाला घाबरतो, सगळं विचारा. दिसतो कसा, हे सगळ्यात शेवटी. आणि उत्तरं मिळाली नाहीत, तर खुशाल हात हलवत घरी या. रिकाम्या टाकीत कुणी कुणाची वाट बघत नाही.