दव गोठण्याआधीचा घास

मी पार्सनिप बोलतोय, यॉर्कशायरच्या डोंगरउतारावरच्या एका परसबागेतून. दिसायला पांढऱ्या गाजरासारखा आहे. पण कुणी मला गाजर म्हटलेलं खपत नाही.

माझं बी मोठं नाजूक. गारठलेल्या मातीत पडलं की कुजतं. बियांच्या पाकिटावर फेब्रुवारी छापलेलं असतं, म्हणून शेजारचा स्टॅन फेब्रुवारीत पेरतो आणि त्याच्या वाफ्यात नुसतं तण माजतं. पाकीट छापणाऱ्याला आमच्या डोंगरावरचा वारा काय माहीत! आमची मालकीण एनिड मात्र बाही वर सारून उघडं कोपर मातीला टेकवायची. कोपराला गारठा झोंबला नाही, तरच पेरणी.

यंदा ती आजारी होती. शाल पांघरून खुर्चीत बसली आणि नवऱ्याला, क्लिफर्डला, तिनं कोपर टेकवायला लावलं.

"कशी आहे माती?"

"गारच."

"मग थांब. चहा पी."

असं करत करत एप्रिल आला, तेव्हा कुठे आम्ही मातीत पडलो. सगळे उगवलो. स्टॅन कुंपणावरून बघतच राहिला.

पण काढणीलाही धीर लागतो. गवतावरचं दव गोठून पांढरं होईपर्यंत आम्ही बेचव; कडाक्याच्या थंडीतच आमच्यात गोडी उतरते. तोवर एनिड कुणाला हात लावू देत नसे.

यंदा नोव्हेंबर सरला तरी थंडीचा पत्ता नाही. एनिडनं अंथरूण धरलं. तिची खिडकी माझ्या वाफ्याला लागूनच आहे, मला सगळं ऐकू यायचं. तिचं जेवण सुटलं होतं. "पार्सनिप भाजून दे," एवढंच मागायची. क्लिफर्ड रोज सकाळी बाहेर येऊन गवत बघायचा. गवत हिरवंगार.

"बाबा, उपटा ना आता!" मुलगी मॉरीन रडवेली होऊन म्हणाली. "गोडी कसली बघताय? आई थांबणार आहे का तोवर?"

क्लिफर्ड फावडं घेऊन आला आणि माझ्या शेजारच्या पार्सनिपला काढून घेऊन गेला.

एनिडनं एक घास खाल्ला.

"दव गोठलं नाहीये अजून. का काढलास रे?"

"मला धीर धरवला नाही."

"वेडा कुठला. दे, अजून एक घास दे."

त्याच आठवड्यात ती गेली. मला फार वाईट वाटलं. तिला पुरून आले आणि मग थंडी पडली. वाफा पांढराशुभ्र झाला.

आता मी गोड झालोय. पण क्लिफर्ड इकडे फिरकत नाही. क्लिफर्ड, वसंत आला की मला कोंब फुटतील आणि माझं लाकूड होईल. त्याआधी ये रे. ती ज्या वेळेची वाट बघायची, ती वेळ झाली आहे.