तीन पायऱ्या खाली

चंपतराव परातेंच्या आजोबांनी इतवारीत पातळांचं दुकान थाटलं, तेव्हा त्यात जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. आता तीन उतराव्या लागतात. दुकान जागचं हललं नाही. रस्ताच वाढत गेला. जुना खरवडायचा तर वेगळं टेंडर, मग कोण डोकं लावतो? डांबरावर काँक्रीट, काँक्रीटवर डांबर, असा तो दुधावरच्या सायीसारखा चढत राहिला.

कचऱ्याला उतार बरोबर कळतो. झाडणाऱ्या प्रयागबाईंना सकाळ-दुपार लख्ख रस्त्याचा फोटो वर साहेबांना पाठवावा लागे, आणि चहाचे कप, केळीची सालं, प्लास्टिकच्या पन्न्या चंपतरावांच्या पांढऱ्या गादीवर येऊन बसत.

"कचरा माह्या दुकानात काहून लोटून राहिली वं?"

"मी कुठं लोटून राहिली, भाऊ? रस्ताच लोटून राहिला."

बाईंचंही खोटं नव्हतं. चंपतरावांनी महापालिकेत तक्रार केली. साहेब आले, रस्त्यावरूनच खाली वाकले आणि फार खूश झाले. त्यांनी शेरा मारला: भूमिगत कचराकुंडी, स्थिती उत्तम, आत देखरेखीला माणूसही आहे.

आठवड्यात तशी पाटी लागली. लोक पिशव्या घेऊन येऊ लागले. चंपतराव सवयीने "या, बसा" म्हणत. लोक पिशवी टाकून चालू पडत. लग्नसराई तोंडावर होती. तीन पिढ्यांच्या दुकानाचा डोळ्यांदेखत उकिरडा होताना बघून म्हाताऱ्याचा जीव तीळतीळ तुटे.

शेवटी त्यांनी पातळं वर आणली आणि दुकानासमोर, रस्त्यावरच सतरंजी अंथरली. पहिलं गिऱ्हाईक काठ निरखत होतं, तोच अतिक्रमणवाल्यांची गाडी आली.

"काका, रस्त्यावर काहून बसले? दुकान नाही का तुमचं?"

"आहे ना. हे काय, खाली."

त्यांनी वाकून पाहिलं. पाटीही वाचली.

"हे तर कचराकुंडी आहे. कुंडीत कोणी लुगडी विकते का?"

पातळं गाडीत चढली आणि गाडी गेली. चंपतराव मोकळ्या सतरंजीवर बसून राहिले. रस्त्यावर बसलं तर अतिक्रमण, दुकानात बसलं तर कचरा. माणसाने बसावं तरी कुठं?

तेवढ्यात प्रयागबाई झाडत आल्या. दुपारच्या फोटोची वेळ झाली होती. त्यांनी मोबाइल वर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला.

"भाऊ, तुम्ही फोटोत येऊन राहिले," त्या ओशाळून म्हणाल्या. "थोडं खाली जाता का?"

चंपतरावांनी सतरंजी झटकली, नीट घडी घातली आणि ते तीन पायऱ्या उतरले.