माजिवड्याला रेडिओ ऐकायला

माझी नणंद वासंती रेडिओवर पहिल्यांदा गाणार होती आणि आमच्या घरचा रेडिओ नेमका कुचकामी. ठाण्यात आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी. ती सुरू झाली की रेडिओतला माणूस बातम्या देतोय की दळण दळतोय, कळायचं नाही. म्हणून ह्यांनी ठरवलं, नव्या मोटारीतल्या रेडिओवर ऐकायचं, तेही माजिवड्याच्या पुढे, मोकळ्यावर. नवी म्हणजे आमच्याकडे नवी. तिच्या बॅटरीचं वय विचारायचं नाही.

हा सगळा खटाटोप मामंजींसाठी होता. माझ्या सासऱ्यांचं आयुष्य कोर्टात गेलेलं. टिपणिसांच्या मुलीचं नाव रेडिओवर पुकारलं जाणार, हे त्यांना पटत नव्हतं. आधी नको म्हणाले, मग रागावले, शेवटी गप्प बसले. वासंती गाण्याच्या गुरुजींबरोबर मुंबईला निघाली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, बाकी कुणी ऐको न ऐको. अप्पांनी ऐकलं पाहिजे गं." आणि त्या संध्याकाळी मामंजी कोट-टोपी घालून आपणहून मोटारीत जाऊन बसले. मला इतका आनंद झाला!

माजिवड्याच्या पुढे ह्यांनी मोटार परतीच्या तोंडाने वळवून ठेवली. इंजिन चालू असलं की रेडिओत कडकड येते, म्हणून ते बंद केलं. आवाज काय स्वच्छ आला! आम्ही पोचलो होतो फार लवकर, पण रेडिओ बंद ठेवायचं कुणाला सुचलं नाही. बाजारभाव ऐकले, शेतकऱ्यांसाठीची माहिती ऐकली, कुणाची तरी सनई ऐकली.

"आता आपली वासंतीच," हे म्हणाले. तेवढ्यात सासूबाईंचं लक्ष उजवीकडच्या मावळत्या सूर्याकडे गेलं.

"सुधीर, अरे, आपलं तोंड दक्षिणेला आहे!"

"असू दे की, आई."

"असू दे काय? पोरीचं पहिलं गाणं आणि आपण दक्षिणेला तोंड करून ऐकायचं? वळव आधी."

सासूबाई एकदा बोलल्या की आमच्याकडे विषय संपतो. ह्यांनी स्टार्टर दाबला. मोटार जरा कण्हली, रेडिओचा दिवा मंदावला आणि सगळंच बंद पडलं.

आमच्याकडे मासळी घालणारी मनुबाई आणि तिचा नवरा गोमाजी टोपल्या घेऊन बाळकुमला परतत होते. गोमाजी थांबला. "काय झाला, भाऊ? गारी बंद परली काय?"

"धक्का मारा हो जरा," हे म्हणाले.

"पूर्वेकडे मारा," सासूबाई आतूनच म्हणाल्या.

दोघांनी टोपल्या खाली ठेवल्या. मी उतरले. आणि मामंजीही उतरले. कधी पाण्याचा तांब्या हाताने न घेतलेला माणूस, कोटाची बटणं सोडून मोटार ढकलू लागला. टोपी पडली, ती मनुबाईने उचलली. इंजिन लागायचं आणि पुन्हा विझायचं. शेवटी एकदाचं लागलं, रेडिओ तापून पुन्हा सुरू झाला आणि कडकडीतून आवाज आला, "कुमारी वासंती टिपणीस यांचं गायन आपण ऐकलंत."

पूर्वेला तोंड करून आम्ही सगळ्यांनी पुढच्या बातम्या ऐकल्या. मला रडू आलं. सासूबाईंचा चेहरा पाहवत नव्हता.

घरी येताना ठरलं, ऐकलं म्हणून सांगायचं. आवाज छान लागला, इतकंच. मामंजी काही बोलले नाहीत, म्हणून आम्हाला वाटलं, त्यांनाही ते मान्य आहे.

वासंती आली ती चपला काढायच्या आधी त्यांच्यासमोर उभी राहिली. "अप्पा, ऐकलंत?"

"अगं, काय गोड..." मी सुरुवात केली.

"नाही," मामंजी म्हणाले. "बॅटरी गेली. नुसतं नाव ऐकलं."

वासंतीचा चेहरा उतरला. मामंजींचा मला असा राग आला की काय सांगू! एवढं एक खोटं बोलता येऊ नये माणसाला?

"पुन्हा बोलावलंय तुला?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात," ती पुटपुटली. "येत नाही म्हणून कळवू?"

"कशाला? गुरुजींना म्हणावं, तुम्हाला दगदग नको. मी येतो तुझ्याबरोबर."

वासंती तशीच चपलांसकट त्यांच्या पायाशी बसली आणि हमसून रडायला लागली.